कळा, काळ आणि काळजी : नैसर्गिक प्रसूतीविषयी थोडे विवेचन

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखादा आरोग्यविषयक अभ्यासलेख द्यावा, अशी आपली प्रथा आहे. यंदाचा विषय निवडताना आम्हास फार शोध घ्यावा लागला नाही. वर्षभरात दोन प्रश्न आमच्या टेबलापुढे इतक्या वेळा आले की विषय त्यांनीच ठरवला. पहिला प्रश्न देणगीदारांचा : "धर्मादाय रुग्णालयातसुद्धा सिझेरियन एवढी का होतात?" दुसरा प्रश्न रुग्णांच्या नातेवाइकांचा : "एवढा वेळ का लावता? सिझर करून एकदाची मोकळी का करत नाही?" दोन्ही प्रश्न एकाच दिवशी, एकाच खुर्चीवर बसून आम्ही ऐकलेले आहेत. एकास उत्तर द्यावे तर दुसरा नाराज होतो. म्हणून दोघांनाही एकाच ठिकाणी, सविस्तर आणि प्रांजळ उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभीच एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे वाटते. आम्ही वैद्यकीय शाखेचे नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या वह्यांतून या क्षेत्रात आलो. पुढील वैद्यकीय माहिती आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आणि परिचारिका भगिनींकडून समजून घेतलेली आहे. तिचा हिशेब मांडण्याचे काम तेवढे आमचे.

राजगडाच्या पायथ्याशी

आपल्याकडे येणाऱ्या गर्भवतींपैकी अनेक जणी गुंजवणे खोऱ्यातून येतात. नसरापूर, मार्गासनी, साखर असे करीत जाणारा रस्ता राजगडाच्या पायथ्याला, गुंजवणे गावाशी पोहोचतो. तेथून चोरदरवाजाची वाट गडावर चढते. सुटीच्या दिवशी या वाटेवर पुण्या-मुंबईच्या तरुणांची रीघ लागते. पावसाळ्यातील एखाद्या रात्री मात्र वाडीवरची एखादी पोटुशी बाई आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये चिखल, ओढा आणि अंधार एवढेच उरते.

या गडाने बाळंतपणाच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत. दिनांक २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराजांचा जन्म राजगडावर झाला. बाळ पालथे जन्मले म्हणून सारे चिंतेत पडले; तेव्हा हा पुत्र दिल्लीची पातशाही पालथी घालील, असे शिवाजी महाराज म्हणाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. गडावर ना शस्त्रक्रियागृह होते, ना भूलतज्ज्ञ. होते ते सुईणीचे हात आणि भोवतीच्या माणसांचा धीर.

परंतु याच गडाच्या पद्मावती माचीवर महाराणी सईबाईंची समाधी आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. त्यानंतर सईबाईंची प्रकृती सावरली नाही, असे सांगितले जाते. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्यांचे निधन झाले. शंभूबाळास दूध पाजण्यासाठी भोरजवळच्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना आणण्यात आले, हे या भागातील लहान मुलासही ठाऊक आहे. ज्या घरात राज्याची सत्ता होती, त्या घरातही बाळंतपणानंतरचे आजारपण हटवता आले नाही.

नैसर्गिक प्रसूतीची बाजू मांडणाऱ्या प्रत्येकाने या दोन्ही घटना एकत्र आठवाव्यात, असे आम्हास वाटते. पहिलीच आठवली तर निष्काळजीपणा येतो आणि दुसरीच आठवली तर भीती.

शरीराचे स्वतःचे वेळापत्रक

प्रसूती ही मुळात शरीराची स्वाभाविक क्रिया आहे. दिवस भरले की गर्भाशय आकुंचन पावू लागते. त्यालाच आपण कळा म्हणतो. प्रत्येक कळेसरशी गर्भाशयाचे तोंड थोडे पातळ होते, थोडे उघडते आणि बाळाचे डोके थोडे खाली सरकते. हे काम ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे चालते. या संप्रेरकाचा एक विशेष असा की, बाई निर्धास्त असेल तर ते चांगले स्रवते आणि ती घाबरली, बुजली वा एकटी पडली तर त्यात अडथळा येतो. भीतीने शरीर आखडते, आखडल्याने वेदना वाढतात आणि वाढलेल्या वेदनांनी पुन्हा भीती वाढते. इंग्रज डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३० व १९४०च्या दशकांत आपल्या ग्रंथांतून हे चक्र मांडले आणि 'नैसर्गिक प्रसूती' हा शब्द पाश्चात्त्य देशांत रूढ केला. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलीला माहेरी पाठवण्याची जी रीत आहे, तिच्यामागेही हाच अनुभव असावा. ओळखीचे घर, आईचा हात आणि बोलीतला धीर हे त्या रीतीचे घटक होते.

दुसरा मुद्दा वेळेचा. अमेरिकन डॉक्टर इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली प्रसूतीच्या गतीचा आलेख प्रसिद्ध केला. त्यावरून पुढे 'तासाला एक सेंटिमीटर' हा नियम जगभरच्या प्रसूतिकक्षांत रुजला. या गतीने तोंड उघडले नाही की बाई 'अडली' असे समजून उपचार सुरू होत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतिकाळातील देखभालीविषयी ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या. हा नियम सर्वच स्त्रियांना लागू पडत नाही आणि केवळ गती मंद आहे एवढ्या कारणावरून हस्तक्षेप करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रसूतीचा खरा वेगाचा टप्पा पाच सेंटिमीटरनंतर सुरू होतो, असे मानले आहे. त्याआधीचा काळ प्रत्येक बाईगणिक वेगळा असतो. पाच सेंटिमीटरनंतरही पहिलटकरणीला सामान्यतः बारा तासांपर्यंत आणि पुढच्या खेपांना दहा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. अर्थात, या संपूर्ण काळात आईची नाडी, रक्तदाब आणि बाळाचे ठोके नियमितपणे तपासले गेले पाहिजेत.

हस्तक्षेपांचे एक वैशिष्ट्य असे की एकातून दुसरा निघतो. कळा मंद आहेत म्हणून औषधाचे सलाईन लावले की कळा जोरदार येतात. सलाईनमुळे बाईला खाटेवर आडवे राहावे लागते. आडवे राहिल्याने वेदना अधिक जाणवतात. जोरदार कळांनी कधी बाळाचे ठोके मंदावतात आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. शेवटची शस्त्रक्रिया अगदी योग्य असते, परंतु पहिले पाऊल खरोखर आवश्यक होते काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. सलाईन, औषधे आणि छेद यांचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. गरज असेल तेथे ती द्यावीत आणि सरसकट देऊ नयेत, इतकेच शास्त्राचे आजचे म्हणणे आहे.

रुग्णालयाने काय दिले

जुने ते सारे सोने, असे मात्र कोणी समजू नये. १८४७ साली व्हिएन्ना येथील मोठ्या प्रसूतिगृहात डॉ. इग्नाझ सेमेलवाईस यांच्या लक्षात आले की, डॉक्टर व विद्यार्थी काम करीत त्या विभागात दहा टक्क्यांच्या आसपास बाळंतिणी तापाने दगावत आणि सुईणींच्या विभागात हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होते. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत असत. क्लोरिनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती करताच मृत्यू झपाट्याने खाली आले. रुग्णालय असो की झोपडी, धोका अस्वच्छ हातात असतो, हा यातील धडा आहे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण डोळ्यांपुढे उभे राहते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपल्या परंपरेत काय होते, याचा शोध घेण्याची बुद्धी त्यांना सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी झाली. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता आकडे पाहू. दर एक लाख जिवंत जन्मांमागे होणाऱ्या मातामृत्यूंचे प्रमाण २००४–०६ या काळात महाराष्ट्रात १३० होते. २०१८–२० मध्ये ते ३३ वर आले. देशाचे प्रमाण याच अवधीत २५४ वरून ९७ वर आले. यामागे २००५ साली सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, आशा कार्यकर्त्या, रुग्णवाहिका, रक्ताची उपलब्धता आणि रुग्णालयातील प्रसूती यांचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्या. हे यश मोठे आहे आणि ते कोणीही उणावू नये.

परंतु याच सर्वेक्षणाचा दुसरा रकाना असा : देशात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सार्वजनिक संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के होते आणि खासगी संस्थांत ४७.४ टक्के. महाराष्ट्राचे एकूण प्रमाण २५.४ टक्के होते. १९८५ साली ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे भरलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत तज्ज्ञांनी असे मत दिले होते की, कोणत्याही प्रदेशात हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या वर असण्याचे समर्थन करता येत नाही. २०१५ साली संघटनेने पुन्हा सांगितले की, लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता व नवजात बालकांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. एखाद्या विशिष्ट रुग्णालयाला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, कारण अवघड रुग्ण जेथे पाठवले जातात तेथे तो वाढणारच. तथापि शासकीय आणि खासगी संस्थांच्या आकड्यांत तिपटीहून अधिक फरक पडावा, एवढा स्त्रियांच्या शरीरांत फरक नसतो.

सिझेरियन ही जीव वाचवणारी शस्त्रक्रिया आहे. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि भुलेचे धोके तिच्यासोबत येतात. पुढच्या गरोदरपणी वार जुन्या व्रणावर चिकटण्याचा किंवा खाली सरकण्याचा संभव वाढतो. दिवस पुरेसे भरण्याआधी ठरवून काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. मुहूर्त पाहून दिवस ठरवणाऱ्या कुटुंबांनी हे विशेषत्वाने ध्यानात घ्यावे.

एक रात्र आणि एक पाटी

येथे एक अनुभव सांगतो. आषाढातील एका संध्याकाळी गुंजवण्याच्या बाजूच्या एका वाडीवरून एक पहिलटकरीण दाखल झाली. सोबत नवरा, सासू आणि आजेसासू. पाऊस इतका होता की आम्हालाही घरी जाता आले नाही. कार्यालयातच मुक्काम केला. रात्री दीडच्या सुमारास नवरा हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, लई तरास व्हतोय तिला. कापा, पण मोकळी करा. पैशाचं बघतो मी." त्याच्या खिशात किती पैसे असतील, याचा अंदाज आम्हास होता.

आम्ही डॉक्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, "बाळाचे ठोके उत्तम आहेत. पाणी स्वच्छ आहे. तोंड उघडतंय, पण सावकाश. तिला भीती वाटतेय, दुसरं काही नाही." मग परिचारिका भगिनींनी आमच्यापुढे एक विनंती ठेवली : आजेसासूला आत येऊ द्यावे, मुलगी तिचेच नाव घेत आहे. आम्ही नकार दिला. प्रसूतिकक्षाच्या दारावर 'नातेवाइकांस आत प्रवेश नाही' अशी पाटी होती आणि ती शिस्तीसाठी आम्हीच लावलेली होती. भगिनी काही बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी आम्ही होकार दिला.

म्हातारीला हातपाय धुऊन, स्वच्छ गाऊन घालून आत नेण्यात आले. ऐन उमेदीत तिने वाडीवरची बाळंतपणे केलेली होती. तिने नातसुनेला खाटेवरून उठवले, खिडकीचे गज धरून उभे केले, कंबर चोळली आणि कळ आली की खाली बसायला सांगितले. डॉक्टर ठोके मोजत होत्या. म्हातारी पाठ चोळत होती. पहाटे साडेपाचला मुलगी झाली. नाळ कापण्यासाठी हात पुढे होताच म्हातारी म्हणाली, "थांब बाई. नाळंचं ठोकं थांबल्याबिगर आमी कापीत नव्हतो." डॉक्टर हसल्या आणि थांबल्या. त्यांचाही विचार तोच होता. बाळ आणि आई ठीक असतील तर निदान एक मिनिटभर नाळ कापू नये, त्यामुळे बाळाच्या अंगातील रक्त व लोह वाढते, ही जागतिक आरोग्य संघटनेची आजची शिफारस आहे. म्हातारीने ती कधी वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पाटी आम्ही स्वतः काढली. प्रसूतीच्या वेळी विश्वासातील सोबतीण जवळ असावी, यास केंद्र शासनाने २०१६ साली सार्वजनिक आरोग्य संस्थांसाठी मान्यता दिली होती. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती नैसर्गिकपणे होण्याचे प्रमाण वाढते आणि कळांचा काळही कमी होतो, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. इतकी वर्षे आमची पाटी या ज्ञानाच्या आड उभी होती, हे कबूल करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्याच आठवड्यातील दुसरी हकिगतही सांगितली पाहिजे. एका कुटुंबाने बाळंतपण घरीच करावयाचे ठरवले होते. आठव्या महिन्यानंतर बाईला वेदनेवाचून रक्तस्राव झाला. आशा कार्यकर्तीने हट्टाने तिला आणले. सोनोग्राफीत वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली दिसली. अशा स्थितीत कळांची वाट पाहणे म्हणजे आईचा जीव धोक्यात घालणे होय. तासाभरात सिझेरियन झाले, रक्त द्यावे लागले आणि आई व बाळ दोघेही सुखरूप घरी गेले. त्या म्हातारीचे हातही तेथे काही करू शकले नसते. सर्व गर्भवतींपैकी सुमारे १५ टक्के जणींना गंभीर गुंतागुंत होते, असे मानले जाते; आणि ती कोणाला होईल हे प्रत्येक वेळी आधी सांगता येत नाही. म्हणूनच नैसर्गिक प्रसूती व्हावी, पण शस्त्रक्रियेची सोय हाकेच्या अंतरावर असावी, असा आमचा आग्रह आहे.

महाराष्ट्राने घालून दिलेला कित्ता

हा मार्ग नवा नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे काम सुरू केले. गावातील साध्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण आणि धोका ओळखून वेळीच रुग्णालयात पाठवणे ही कामे त्या करू लागल्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी स्वतः प्रसूतितज्ज्ञ होत्या; त्यांनी १९७० च्या दशकात वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचे असेच काम उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बालकांची देखभाल केली. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या तिन्ही ठिकाणी एक सूत्र समान आहे : गावातील माणसाच्या हातावर विश्वास, त्या हाताला शिक्षण आणि त्यामागे रुग्णालयाचे पाठबळ.

केंद्र शासनाने २०१७ साली प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तेसाठी 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू केला आणि २०१८ साली प्रशिक्षित प्रसूतिसेविकांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन निर्धोक प्रसूतींची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्याची योजना आहे. युरोपात अनेक देशांतून निर्धोक प्रसूती डॉक्टरांऐवजी अशा प्रसूतिसेविकाच करतात. गंमत अशी की, फ्रेंच डॉक्टर फ्रेडरिक लबॉये यांनी कोलकात्यात एका मातेला बाळाला तेल चोळताना पाहिले आणि १९७६ साली त्यावर पुस्तक लिहून ती पद्धत युरोपात नेली. आपल्या ओसरीवरची गोष्ट तिकडे शास्त्र म्हणून शिकवली जाते आणि आपण मात्र तिला मागासलेपणा म्हणतो.

जुन्या चालींपैकी काही टाकावयाच्याच आहेत, हेही सांगितले पाहिजे. बाळाला पहिला चीक न पाजणे, नाळेला राख वा शेण लावणे, पोट जोराने दाबणे आणि बाळ जन्मण्यापूर्वी कोणाकडून तरी दंडात 'कळांचे इंजेक्शन' टोचून घेणे या गोष्टी घातक आहेत. शेवटच्या प्रकाराने तर गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

ताळेबंदाची बाजू

आता आमच्या विषयाकडे वळतो. सिझेरियनला साधारण तास-पाऊण तास लागतो. वेळ आधी ठरवता येते. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, औषधे आणि चार-पाच दिवसांची खाट या सर्वांची बिलात नोंद होते. नैसर्गिक प्रसूतीला बारा-चौदा तास लागतात, ती रात्री-अपरात्री होते आणि बाई एक-दोन दिवसांत घरी जाते. तिचे बिल सिझेरियनच्या तुलनेत बरेच लहान असते. परंतु त्या बारा तासांत एक परिचारिका जवळजवळ पूर्ण वेळ तिच्यापाशी असते, डॉक्टर जागे असतात, शस्त्रक्रियागृह सज्ज ठेवावे लागते, आणि या सर्वांचा खर्च मात्र तेवढाच होतो. थोडक्यात, वाट पाहण्यासाठी आमच्या बिलात रकाना नाही.

कोणताही डॉक्टर पैशासाठीच शस्त्रक्रिया करतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. रात्रपाळीला माणसे अपुरी असणे, काही विपरीत घडल्यास होणारी तोडफोड आणि खटल्यांची भीती, तसेच नातेवाइकांचा आग्रह ही कारणेही तितकीच खरी आहेत. पण जेथे वाट पाहणे तोट्याचे आणि घाई करणे फायद्याचे, तेथे हळूहळू सारी व्यवस्था घाईकडे झुकते. हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही समजेल.

धर्मादाय संस्थेचे प्रयोजन नेमके येथे आहे. कायद्यानुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हा निधी बिल भरण्यास उपयोगी पडतो. पण बिलातच नसलेल्या वेळेचा खर्च त्यातून भागत नाही. तो देणगीतूनच भागू शकतो. म्हणून आम्ही विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे पुढील प्रस्ताव ठेवीत आहोत. रात्रपाळीसाठी प्रसूतिकक्षात एक जादा प्रशिक्षित परिचारिका असावी. कळा सोसणाऱ्या स्त्रीला फिरता, बसता येईल अशी पडद्याची स्वतंत्र खोली असावी. सोबतिणीला बसण्याची जागा असावी. दूरच्या वाड्यांवरील गर्भवतींना दिवस भरताच येऊन राहता यावे म्हणून चार खाटांचा निवारा असावा, म्हणजे पावसाळी रात्री ओढा ओलांडण्याची वेळ येणार नाही. या बाबींत यंत्रसामग्री नाही, त्यामुळे तिच्यावर देणगीदाराच्या नावाचा फलक लावण्याजोगेही फारसे काही नाही. तरीही ही मागणी आम्ही सर्वांत वर ठेवतो.

कुटुंबीयांनी ध्यानात ठेवावे

१. गरोदरपणी निदान चार तपासण्या कराव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते.

२. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब व सोनोग्राफीचे कागद एका पिशवीत तयार ठेवावेत. वाहनाची सोय आधी ठरवावी. १०८ व १०२ हे क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावेत.

३. पहिल्या हलक्या कळांना घाबरून जाऊ नये. चालणे-फिरणे, हलका आहार, पाणी आणि विश्रांती चालू ठेवावी.

४. सोबतीला घरातील एकच, धीराची स्त्री असावी. दहा माणसांच्या गर्दीने बाईला धीर येत नाही आणि कर्मचाऱ्यांनाही काम सुचत नाही.

५. मागचे बाळंतपण सिझेरियनचे असले तरी पुढचेही तसेच व्हावे असा नियम नाही. योग्य निवड केलेल्या स्त्रियांपैकी शंभरातील साठ ते ऐंशी जणींची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होऊ शकते. मात्र जुना व्रण उसवण्याचा थोडा धोका असतो, म्हणून ती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

६. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, हिरवट पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे किंवा नाळ बाहेर दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

७. डॉक्टरांनी सिझेरियन सुचवल्यास कारण अवश्य विचारावे. तो आपला हक्क आहे. कारण पटल्यावर मात्र वेळ दवडू नये.

समारोप

दोन्ही प्रश्नांची उत्तरे आता एकत्र देता येतात. देणगीदारांना आमचे सांगणे असे की, सिझेरियन कमी व्हावयास हवी असतील तर वाट पाहण्यासाठी माणसे आणि जागा द्यावी लागेल. नुसत्या सूचनेने ती कमी होणार नाहीत. नातेवाइकांना विनंती अशी की, आम्ही थांबतो तेव्हा आम्ही झोपलेले नसतो. बाळाचे ठोके ऐकत आम्ही थांबलेले असतो.

त्या पहाटे जन्मलेली मुलगी परवा लसीकरणासाठी आली होती. पणजीच्या कडेवर होती. प्रसूतिकक्षाच्या दारावर पाटीच्या खिळ्यांची चार भोके अजून तशीच आहेत. ती बुजवून घेण्याचे आम्ही मुद्दाम टाळले आहे.